विटकरी पट्टीवरचा आरोप

“बसा, रशीदभाई.”

“न्हाय बसत, म्याडम. आधी सांगा, माझा रंग सुटतोय का न्हाय?”

रशीदभाई लॅबमध्ये माझ्या टेबलासमोर उभे होते. टेबलावर वीतभर कापड होतं. बदामी रंगाचं, त्यावर विटकरी पट्ट्या. दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत लालसर डाग पडले होते. डागांचा रंग पट्टीच्या रंगाला जवळचा. पाहताक्षणी कुणीही म्हटलं असतं की धुताना पट्टीचा रंग सुटला आणि शेजारी जाऊन बसला.

“अजून तपासलं नाही,” मी म्हटलं. “आणि तपासल्याशिवाय मी बोलत नाही.”

“म्हणून तर उभा हाय.”

अन्वी, ईशान, माझ्या नातवंडांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला विचारलंत, की एखाद्या हट्टी माणसाला ‘डाइड इन द वुल’ का म्हणतात, माणसाचा आणि लोकरीचा संबंध काय. मी म्हटलं, लिहून पाठवते. तो शब्दप्रयोग मी शाळेत नन्सकडून शिकले, पण त्याचा खरा उपयोग मला झाला तो गेल्या दिवाळीच्या आधी, याच कापडाच्या तुकड्यापाशी. म्हणून ही गोष्ट सांगते. अर्थ त्यातच येईल.

मी रिटायर झाले तरी आठवड्यातून काही दिवस कोल्हापूरहून एसटीने इचलकरंजीला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. मी तिथे काय करते, हे मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत. इचलकरंजी हे मागांचं गाव. गल्लीगल्लीत यंत्रमाग खडखडत असतात. तिथल्या एका लॅबमध्ये आम्ही कापडाचा छळ करतो. ताणतो, घासतो, उकळतो, उन्हात टाकतो. एवढं करून कापड टिकलं, तर चांगलं म्हणून लिहून देतो.

हे कापड सुकुमारचं होतं. सुकुमार हा मागवाला. जैन कुटुंब, शिरोळकडची शेती आणि इथे मागांचं युनिट. वडील गावोगावच्या बाजारात कापड विकायचे. मुलाने पहिल्यांदाच परदेशी कंपनीची ऑर्डर मिळवली होती, स्वयंपाकघरातल्या नॅपकिनच्या कापडाची. पट्टीचं विटकरी सूत रंगवलं होतं रशीदभाईंनी. त्यांचं घराणंच रंगाऱ्यांचं. त्यांच्या वडिलांनी सुकुमारच्या वडिलांचं सूत रंगवलं, आणि ही दोन मुलं रंगाच्या हौदाशेजारी एकत्र खेळली. हौदात पडण्यावरून दोघांनी एकत्र मारही खाल्ला.

अशा ऑर्डरमध्ये माल निघण्याआधी कंपनीची माणसं पहिल्या रोलमधून एक तुकडा कापून नेतात. त्यांच्या मुंबईच्या लॅबमध्ये तो धुतला गेला, आणि हे डाग उमटले. लगेच ईमेल आली: ‘कलर ब्लीडिंग. लॉट ऑन होल्ड.’ ब्लीडिंग म्हणजे धुताना रंग सुटून दुसरीकडे लागणं. अर्धा तुकडा त्यांनी पुरावा म्हणून कुरिअरने पाठवला. तोच माझ्या टेबलावर होता.

“सुकुमार काय म्हणाला?” मी विचारलं.

“काय म्हणाला? चार मानसांत म्हणाला, ‘रशीद, तू रंगात खोट केलीस.’ लाइट गेलती तवा. माग बंद. सगळ्या कामगारांनी ऐकलं. पुढचं सूत रंगवायला मोठ्या प्रोसेस हाउसला टाकतो म्हणाला.”

रशीदभाईंच्या रंगखान्यात येणारं बहुतेक सूत सुकुमारचंच. ते बंद झालं तर रंगखान्याला कुलूप लागणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण ते स्वतः वेगळंच बोलले.

“काम जाईल त्ये जाऊ दे, म्याडम. पन रंगाऱ्याचा रंग सुटतोय असं एकदा गावात झालं, की मग कोन उभं करून घेतंय? माझ्या पोरालाबी न्हाय घेनार.”

मी त्यांना घरी पाठवलं आणि कामाला लागले.

सुकुमारकडून त्याच मालातलं ताजं कापड मागवलं. पहिली टेस्ट धुण्याची. पट्टीच्या कापडाला पांढरी चिंधी शिवायची आणि दोन्ही एकत्र साबणाच्या गरम पाण्यात फिरवायचं. रंग सुटणारा असेल तर पांढऱ्या चिंधीला लागतो. लागला नाही. दुसरी टेस्ट घासण्याची. ओल्या पांढऱ्या फडक्याने पट्टी घासायची. फडकं पांढरंच राहिलं. मुंबईहून आलेल्या तुकड्यावरची पट्टीही घासली. तेच.

मी सुकुमारला फोन केला.

“मॅडम, तुमचा रिपोर्ट बरोबर असंल,” तो म्हणाला, “पण डाग दिसतोय की! तुमच्या पाण्यात सुटत नाही आणि त्यांच्या पाण्यात सुटतोय, असं कसं? एखादी बॅच खराब असणार. रशीदनं एका बॅचला हलका रंग वापरला असंल.”

“असेल आणि नसेल. तुम्ही पाहिलंत का वापरताना?”

“न्हाई, पण...”

“मग पाहिलेलं तेवढंच बोला.”

माझा आवाज चढला, हे मान्य करते. पण त्याची भीतीही खोटी नव्हती. पहिलीच ऑर्डर, आणि तीही अडकलेली. घाबरलेला माणूस आधी जवळच्यालाच ओरबाडतो.

मग व्हिडिओ कॉल झाला कंपनीच्या क्वालिटी मॅनेजरशी. तिचं नाव श्रुती. मुंबईची, चटपटीत, तुमच्या आईच्या वयाची असेल. मी माझ्या टेस्ट दाखवल्या. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, रिस्पेक्टफुली सांगते,” ती म्हणाली, “आय ॲम अ डाइड-इन-द-वुल स्केप्टिक. तुमची पट्टी पास झाली, व्हेरी गुड. पण माझ्याकडच्या तुकड्यावरचा लाल डाग कुठून आला, हे कळेपर्यंत मी लॉट सोडणार नाही.”

स्केप्टिक म्हणजे पुरावा दिसेपर्यंत संशय न सोडणारी. मला ती आवडली. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

आता तो शब्दप्रयोग. कापडाला रंग द्यायचे तीन मुक्काम असतात. कापड विणून झाल्यावर अख्खंच रंगात बुडवता येतं. त्याआधी सूत रंगवून मग विणता येतं. आणि त्याच्याही आधी, सूत कातायच्या अगोदर, मोकळा कापूस किंवा लोकरच रंगवता येते. तुम्ही राहता त्या लीड्सच्या आसपास एके काळी लोकरीच्या गिरण्याच गिरण्या होत्या. तिथल्या रंगाऱ्यांना ठाऊक होतं की मोकळी लोकर रंगवली की रंग एकेका तंतूत जातो. पुढे ती काता, पिळा, विणा, कापा, फाडा, आतून तोच रंग निघणार. वरून दिलेला रंग वापरून वापरून विटतो, हा विटत नाही. यावरून, ज्याचं मत वरवरचं नसून आतपर्यंत भिनलेलं आहे, अशा माणसाला ते ‘डाइड इन द वुल’ म्हणू लागले. राजकारणात एखाद्या पक्षाच्या कट्टर माणसाला तर फारच. आपण अशा वेळी लोकरीपर्यंत जात नाही. आपण थेट हाडापर्यंत जातो आणि म्हणतो, हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी. आपल्याकडची लोकर म्हणजे घोंगडीची, ती मेंढीच्या अंगावरच काळी असते. ती रंगवायचा प्रश्नच नाही. म्हणून असेल कदाचित.

कॉल संपला, पण श्रुतीचे शब्द डोक्यात राहिले. मी आतापर्यंत सगळा वेळ पट्टी तपासत होते. डाग तपासलाच नव्हता. रंग आतपर्यंत आहे की वरवरचा, हे पाहायला रंगाऱ्याची परीक्षा लागत नाही, सुई लागते.

मी भिंगाखाली तुकडा धरला आणि सुईने पट्टीतला एक धागा सोडवला. पीळ उलगडला. आतला तंतू न् तंतू विटकरी. मग डागातला एक धागा सोडवला. तो होता ठिपक्याठिपक्यांचा. लाल, मग बदामी, पुन्हा लाल, पुन्हा बदामी. जिथे आडवा धागा त्याच्यावरून गेला होता, तिथे झाकलेला भाग कोरा राहिला होता. म्हणजे हा रंग कापड विणून झाल्यावर वरून बसलेला होता.

एवढ्याने रशीदभाई सुटत नव्हते. पट्टीचा रंग धुताना सुटून पसरला असता, तरी तोही वरूनच बसला असता. म्हणून मी डागाचा आकार पाहिला. पट्टीतून सुटलेला रंग पट्टीच्या कडेला सगळ्यांत गडद असतो आणि लांब जाताना फिका होतो. इथे उलटं होतं. डाग मधोमध गडद, आणि पट्टीच्या कडेला कापड स्वच्छ. डाग लांबट, अंड्यासारखे. एक पुरता, दुसरा पुरता, तिसरा कात्रीने अर्धा कापलेला.

मला संशय आला. पण संशय रिपोर्टमध्ये लिहीत नाहीत. मी सुकुमारला फोन करून म्हटलं, “ज्या रोलमधून तुकडा कापला तो रोल टेबलावर काढून ठेवा. मी येते. आणि रशीदभाईंना बोलावून घ्या.”

“त्याला कशाला, मॅडम?”

“कापड त्यांचंही आहे.”

युनिटमध्ये शिरलं की माग इतके खडखडतात की स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. तपासणीचं टेबल बाजूच्या खोलीत आहे. दार लावलं की तिथे मोठ्याने बोललेलं ऐकू येतं. सुकुमार टेबलाच्या एका बाजूला, रशीदभाई दुसऱ्या बाजूला. दोघं एकमेकांकडे न पाहण्याची फार मेहनत घेत होते.

रोल उलगडला. वरवर पाहता काहीच दिसेना. मी ट्यूबलाइट बंद करायला सांगितली आणि कापड खिडकीच्या उजेडात ओढलं. तेव्हा दिसले, अगदी फिकट पिवळे ठिपके. बदामी कापडावर पिवळा रंग लपून बसतो. आणखी उलगडलं तर रोलच्या एका वेढ्याएवढ्या अंतरावर पुन्हा तेच ठिपके, जरा अधिक फिके. आणखी एक वेढा, आणखी फिके. म्हणजे रोल गुंडाळलेला असताना वरच्या थरावर काहीतरी ओलं लागलं आणि ते आतल्या थरांत झिरपत गेलं.

मी माझा हात त्या ठिपक्यांवर ठेवला. अंगठा जरा बाजूला घ्यावा लागला, बाकी बरोबर बसला. पाचही बोटं.

सुकुमारने माझ्या हाताकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. “मॅडम,” तो हळूच म्हणाला, “खंडेनवमी.”

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची आणि यंत्रांची पूजा होते. माग धुऊनपुसून त्यांना हळदी-कुंकू लावतात, नारळ फोडतात.

“मला साबणाचं पाणी द्या थोडं,” मी म्हटलं.

कापडाच्या एका कोपऱ्यात, फिकट पिवळ्या ठिपक्यावर, मी साबणाच्या पाण्याचे थेंब टाकले. ठिपका आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला. तोच मुंबईचा लाल. रशीदभाईंनी तोंडातून नुसता “हं” एवढाच आवाज काढला.

तुमच्या आईच्या लहानपणी तिच्या फ्रॉकवर वरण सांडलं, की मी साबण लावायचे आणि डाग लाल व्हायचा. हळद साबणात लाल होते, आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळी होते. आपल्याकडे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. पण फॅक्टरीत रेड स्टेन म्हणून ईमेल आली, की कुणाच्या डोक्यात वरण येत नाही.

तेवढ्यात दार उघडून अव्वा आल्या. अव्वा म्हणजे सुकुमारच्या आई. कानडी मुलखाच्या सीमेवरची ही घरं, तिथे आईला अव्वा म्हणतात. अख्खं युनिटच त्यांना अव्वा म्हणतं, रशीदभाईसुद्धा.

“काय रं, सगळी अशी मयतीला आल्यागत का उभी?”

“अव्वा,” सुकुमार म्हणाला, “खंडेनवमीला ह्या रोलला हळद लावलीस?”

“लावली की. पाची बोटं लावली. पयला परदेशाचा माल, त्याला न्हाय लावायची तर काय तुला लावायची? ताट कोन धरलं हुतं? तूच न्हवं?”

सुकुमार रोलची कड सारखी करायला लागला.

“आणि पेढा कुनी खाल्ला?” अव्वांनी मोर्चा वळवला. “रशीद, तूबी हुतास की.”

“दोन खाल्ले, अव्वा,” रशीदभाई म्हणाले. “पन मी हळद लावली न्हाय.”

मी अव्वांना सगळं सांगितलं: मुंबईची ईमेल, लाल डाग, अडकलेला माल आणि सुकुमारचे शब्द. त्यांनी पदर सारखा केला. त्या ओशाळतील असं मला वाटलं होतं. त्या ओशाळल्या नाहीत.

“हळद मी लावली, डाग माझा,” त्या म्हणाल्या. “मग रशीदला कोन बोललं? त्यो रंग सुटनारा रंगारी व्हय?”

सुकुमार पुढे झाला. त्याने दार उघडलं, मागांच्या खडखडाटात रशीदभाईंच्या कानाशी वाकला आणि काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

रशीदभाईंनी कानामागे हात धरला. “ऐकू येत न्हाय, अण्णा.”

तो पुन्हा बोलला, जरा मोठ्याने.

“न्हाय बा. लई आवाज हाय.”

अव्वा दारातूनच ओरडल्या, “बंद करा रं ते माग!”

एकेक माग थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा युनिटमध्ये एवढी शांतता झाली की बाहेरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर ऐकू आला. कामगार मान वळवून पाहायला लागले.

“माग बंद असताना बोल्लास न्हवं?” अव्वा म्हणाल्या. “आता सांग.”

सुकुमार घसा खाकरून म्हणाला, “रशीदचा रंग पक्का हाय. खोट आमच्या घरातली होती. मी बोललो ते चुकलं माझं.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोपऱ्यातला एक म्हातारा कामगार तेवढा म्हणाला, “आमी आदीच म्हनत हुतो.” त्यावर दुसरा त्याला म्हणाला, “तू कवा म्हनत हुतास रं?” आणि सगळे हसले. रशीदभाई लगेच हसले नाहीत. ते टेबलापाशी आले, विटकरी पट्टीवर अंगठा दाबून घासला, अंगठा सुकुमारला दाखवला. स्वच्छ होता.

“पुढचं सूत कवा टाकतोस?” त्यांनी विचारलं.

“उद्या.”

“परवा टाक. उद्या मी रुसल्याला हाय.”

माझं काम अजून संपलं नव्हतं. मुंबईत ती ‘डाइड इन द वुल’ बसलेली होती. मी तिथूनच श्रुतीला व्हिडिओ कॉल लावला.

“तुमच्याकडचा अर्धा तुकडा आहे ना? आणि कँटीनमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर?”

“मॅडम, मी क्वालिटी टेस्ट करते, सॅलड नाही.”

“आज दोन्ही करा.”

ती उठून गेली. इकडे अव्वांनी कुणाच्या तरी डब्यातून लिंबाची फोड मागवली. मी माझ्या लाल ठिपक्यावर पिळली, तिने तिच्या डागावर पिळली. माझा ठिपका पिवळा झाला. तिकडे तुकडा कॅमेऱ्याजवळ आला. मग श्रुती म्हणाली, “ओह. यलो.”

“आता पट्टीवर पिळा.”

“पिळलं. पट्टीला काहीच होत नाही.”

“पट्टीला काही होणारच नव्हतं. डाग तिच्या रंगाचा असता, तर तीही पिवळी झाली असती. तुमचा डाग हळदीचा आहे.”

“पण मॅडम, एक्सपोर्टच्या मालाला हळद लावतं कोण?”

“श्रुती, तुमच्या घरी नवी गाडी आली असेल तेव्हा बॉनेटवर काय काढलंत?”

ती हसली. “स्वस्तिक. कुंकवाचं. आईने काढलं.” मग पुन्हा स्केप्टिक झाली. “बाकीचे रोल?”

“सगळे उलगडून, साबणाचं पाणी लावून पाहते. त्याशिवाय सही करणार नाही.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. हे तिच्याकडून मोठं सर्टिफिकेट होतं.

बाकीचे रोल स्वच्छ निघाले. अव्वांनी हळद पहिल्यालाच लावली होती. तो रोल बाजूला काढला, त्याच्या जागी दुसरा विणून दिला, आणि माल गेला. रिपोर्टमध्ये डागाचं कारण लिहायची एक चौकट असते. तिथे साधारणपणे तेल, गंज, ग्रीस असं काही लिहितात. मी बराच विचार करून ‘सेरेमोनियल’, म्हणजे पूजेतला, असं लिहिलं. त्यावर अजून कुणाची हरकत आलेली नाही.

हळद लावणं बंद झालं का, असं ईशान विचारेल. नाही. यंदाच्या खंडेनवमीलाही लावली, पण आता फक्त मागाच्या लोखंडाला लावतात. रशीदभाई ताटाशेजारी पहारेकऱ्यासारखे उभे होते. “अव्वा, हात तिकडं, हात तिकडं,” असं सारखं चाललं होतं. शेवटी अव्वांनी पाची बोटं त्यांच्याच सदऱ्याच्या पाठीवर उमटवली. सदरा पांढरा होता. आपण ‘हाडाचा’ म्हणतो किंवा इंग्रज ‘लोकरीतच रंगलेला’ म्हणतात तसा माणूस मला पाहायचा झाला, तर मी रशीदभाईंकडे बोट दाखवीन. रुसणंसुद्धा त्यांनी ठरल्याप्रमाणे एकच दिवस केलं.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले: डाग दिसला की लोक आधी रंगाऱ्याकडे पाहतात. त्यांना पाहू द्यावं, आणि आपण डागाकडे पाहावं.

बाजूला काढलेला तो रोल अव्वांनी कापून घरोघरी वाटला. तुमच्या पार्सलमध्ये चकलीच्या डब्याभोवती गुंडाळलेले नॅपकिन त्याच रोलचे आहेत. धुतल्यावर लाल बोटं दिसली तर घाबरू नका, लिंबू पिळा आणि उन्हात घाला. लीड्सच्या उन्हाला वेळ लागेल, पण हळद जाईल. पट्टीचा रंग गेला तर मात्र मला लगेच फोन करा. तसा फोन येणार नाही, हे मी आत्ताच सही करून द्यायला तयार आहे.